नीतीचे अधिष्ठान आणि मराठी वाङ्मय

धर्मश्रद्धेवाचून नीती संभवते काय, हा प्रश्न युरोपच्या विचारेतिहासात फार जुना आहे. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस असे विचारतो की, पवित्र गोष्ट देवांना प्रिय असते म्हणून पवित्र ठरते, की ती मुळातच पवित्र असते म्हणून देवांना प्रिय होते? दोस्तोयेव्हस्कीच्या ‘करामाझॉव्ह बंधू’ (१८८०) या कादंबरीत हाच प्रश्न इव्हानच्या मुखातून उलट्या बाजूने येतो. अमरत्व नसेल तर मग निषिद्ध असे काय उरते, या त्याच्या शंकेने त्या कथेतील एका खुनाला वाट करून दिली आहे. मराठीत हा प्रश्न इंग्रजी शिक्षणाबरोबर आणि मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांच्या संगतीने आला. परंतु तो येथे पोचला तेव्हा त्याच्यापुढे जी पहिली अडचण उभी राहिली ती तत्त्वज्ञानाची नव्हती, भाषेची होती. ज्या दोन गोष्टींना इंग्रजीने दोन निराळे शब्द दिले होते, त्या दोहोंनाही मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ‘धर्म’ या एकाच शब्दाने ओळखत आला होता.

या शब्दाची व्याप्ती ध्यानात घेतल्यावाचून पुढील चर्चेला अर्थ नाही. मराठीत धर्मशाळा आहे, धर्मादाय आहे, शेजारधर्म आहे. आणि जाळणे हा अग्नीचा धर्म आहे. पण सर्वांत बोलका शब्द बाजारातला आहे. महाराष्ट्रातील कांद्याच्या मालमोटारी दूर बंगळूरच्या यशवंतपूर बाजारापर्यंत जातात. अशी भरलेली गाडी ज्या मोठ्या काट्यावर उभी करून तिचे वजन ठरवले जाते, त्याला मराठी माणूस ‘धर्मकाटा’ म्हणतो. माल पाठविणारा मराठी शेतकरी, घेणारा कन्नड अडत्या आणि गाडी हाकणारा मुसलमान चालक यांचे देव निराळे, भाषा निराळ्या. वजनाचा आकडा मात्र तिघांचा एकच. त्या काट्याला ‘धर्म’ हे विशेषण कोणत्याही देवळाने दिलेले नाही. तो कोणाच्याही बाजूने झुकत नाही, एवढ्याच कारणाने ते त्याला मिळाले आहे. ज्या भाषेत न झुकणाऱ्या तराजूला धर्म म्हणतात, त्या भाषेत ‘धर्मावाचून नीती’ हे शब्द उच्चारताच वदतोव्याघात झाल्यासारखा वाटावा, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट अशी की, भारतीय परंपरेत ईश्वरश्रद्धा आणि धर्म यांचे नाते युरोपात होते तसे कधीच नव्हते. आस्तिक आणि नास्तिक हा भेद आपल्या दर्शनग्रंथांनी वेदप्रामाण्यावरून केला, ईश्वरावरून नव्हे. पूर्वमीमांसेसारखे कर्मठांतले कर्मठ दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानण्याची आवश्यकता नाही असे सांगते, आणि तरीही धर्माचा विचार हाच त्याचा एकमेव विषय आहे. जैन आणि बौद्ध परंपरांनी सृष्टिकर्त्या देवावाचून कडक आचारधर्म उभारले. तेव्हा ईश्वरावाचून नीती असू शकते काय, एवढाच प्रश्न असता तर त्याचे उत्तर या भूमीत दोन सहस्र वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रापुढचा खरा प्रश्न निराळा होता. शास्त्राज्ञा, रूढी आणि परलोकाचे भय या तिन्हींचा आधार काढून घेतल्यावर माणसाने चांगले का वागावे, आणि चांगले म्हणजे काय हे कोणी ठरवावे, असा तो प्रश्न होता.

त्या प्रश्नाला मराठी लेखकांनी दिलेल्या उत्तरांचा विचार बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने झाला आहे. पण तो भाषांतराच्या अंगाने केला तर एक वेगळीच संगती दिसू लागते. जुन्या शब्दाचे करावयाचे काय, हा पेच प्रत्येकापुढे होता. जोतीराव फुले यांनी नवा शब्द घडविला. गोपाळ गणेश आगरकर यांनी जुना शब्द बाजूला ठेवला. वामन मल्हार जोशी यांनी शब्द तोच ठेवून त्याचा अर्थ बदलला. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच शब्दाचे दुसरे रूप उचलले. हे चार मार्ग म्हणजे चार भाषांतरेच होत. आणि कोणतेही भाषांतर काही गमावल्यावाचून होत नाही, हा नियम येथेही लागू पडतो.

फुले नास्तिक नव्हते. तथापि प्रस्तुत प्रश्नाचा आरंभ त्यांच्यापासूनच केला पाहिजे. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ साली झाली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. या ग्रंथात देव, ईश्वर, परमेश्वर या रुळलेल्या शब्दांऐवजी ‘निर्मीक’ हा शब्द येतो. जुन्या शब्दांना पुराणांचा, पुरोहितांचा आणि दक्षिणेचा जो वास चिकटला होता तो फुल्यांना नको होता. त्यांचा निर्मीक नवस मागत नाही, मध्यस्थ नेमत नाही आणि ग्रंथही पाठवीत नाही. तो निर्माण करतो आणि माणसांना समान हक्क देतो. यापलीकडे त्याला काम नसल्यामुळे नीतीचा सारा भार माणसांच्या परस्परवर्तनावर येऊन पडतो. फुल्यांनी कल्पिलेले एक कुटुंब या दृष्टीने फार बोलके आहे. घरातील स्त्रीने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, कन्येने कुराण वाचून महंमदी व्हावे, पुत्राने सत्यधर्म स्वीकारावा, आणि सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात नांदावे. या घराला बांधून ठेवणारे सूत्र चारांपैकी कोणत्याही एका श्रद्धेत असू शकत नाही, कारण ती श्रद्धा इतर तिघांची नाही. ते सूत्र श्रद्धांच्या बाहेर, नित्याच्या वागण्यात आहे. ईश्वर मानणाऱ्या लेखकाने नीतीला ईश्वरविषयक मतभेदांपासून इतके मोकळे करावे, ही गोष्ट साधी नाही. मात्र नव्या शब्दाचे जे होते तेच ‘निर्मीक’चे झाले. सत्यशोधकांच्या वर्तुळात तो जगला. बाहेरच्या मराठीने त्याला आपलेसे केले नाही.

आगरकरांचा मार्ग याहून कठोर होता. त्यांचा जन्म १८५६ चा, टेंभू येथला, आणि मृत्यू १८९५ चा. म्हणजे आयुष्य पुरते चाळीस वर्षांचेही नाही. १८८८ साली ‘सुधारक’ सुरू झाल्यापासूनचा त्यांच्या लेखनाचा काळ तर अवघा सात वर्षांचा. ‘देवतोत्पत्ति’सारख्या निबंधात त्यांनी देवकल्पनेकडे मानवाच्या भयातून आणि अज्ञानातून वाढत आलेली कल्पना म्हणून पाहिले. मात्र त्यांचे वैशिष्ट्य या खंडनात नाही; खंडन करणारे पुष्कळ होते. देवकल्पना गेल्यानंतरही कर्तव्याची कल्पना तसूभर ढिली पडत नाही, उलट तिला अधिक काटेकोर हिशेब द्यावा लागतो, हे त्यांनी ज्या स्वच्छ गद्यात मांडले ते त्यांचे वैशिष्ट्य होय. परलोकाच्या आशेने केलेला सदाचार हा एक प्रकारचा व्यापार आहे, हा विचार त्यांच्या लेखनाच्या बुडाशी सतत असतो.

या विचाराची कसोटी पाहणारा प्रसंग १८९१ साली आला. संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. त्यावर महाराष्ट्रात जे रण माजले त्यात विरोधकांचा एक मोठा आधार गर्भाधानसंस्काराविषयीच्या शास्त्रवचनांचा होता. सुधारकांपैकी अनेकांनी, डॉ. भांडारकरांसारख्या पंडितांनीही, शास्त्राला शास्त्रानेच उत्तर दिले आणि वचनांचा निराळा अर्थ लावून दाखविला. आगरकरांना हा मार्ग मुळात पुरेसा वाटत नव्हता. उद्या शास्त्राचा अर्थ विरोधकांच्याच बाजूने निर्विवाद लागला, तर त्या मुलीच्या यातना योग्य ठरतील काय? हा प्रश्न विचारला की युथिफ्रोचा जुना पेच पुण्याच्या रस्त्यावर येऊन उभा राहतो. आगरकरांच्या दृष्टीने निर्णय देणारी गोष्ट ग्रंथ नव्हती, त्या देहाला होणारे दुःख होते. नीतीला श्रद्धेचा आधार लागतो असे म्हणणाऱ्याने प्रथम या प्रसंगाचा निकाल लावला पाहिजे, कारण येथे श्रद्धा एका पारड्यात आणि नीती दुसऱ्या पारड्यात पडलेली स्पष्ट दिसते.

आगरकरांचे शेक्सपिअरशी असलेले नाते याच संदर्भात पाहण्याजोगे आहे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात त्यांनी व टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि पुढील वर्षी त्यांचे हॅम्लेटचे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने आले. या नाटकाचा अर्धा जीव मरणोत्तर भयात आहे. राजपुत्राचे प्रसिद्ध स्वगत त्या भयाभोवतीच फिरते. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रसंग तिसऱ्या अंकातला आहे. राजा प्रार्थनेला बसलेला असताना हॅम्लेट तलवार उपसतो आणि पुन्हा म्यान करतो. दया आली म्हणून तो थांबत नाही. प्रार्थनेत मेलेला माणूस स्वर्गात जाईल, त्याला पापाचरणात गाठून मारले तर तो नरकात पडेल, या हिशेबाने थांबतो. परलोकावरील श्रद्धा येथे सुडाला आवरत नाही. त्याला मरणाच्या पलीकडेही लांबविते. ऐन पंचविशीत या प्रवेशाला मराठी शब्द शोधणाऱ्या भाषांतरकाराच्या मनात पुढे ‘सुधारका’त उमटलेल्या विचारांची बीजे याच वेळी पडली असे सिद्ध करता येणार नाही. तथापि श्रद्धेने नीती आपोआप सुधारते या समजुतीला इतके भेदक उत्तर युरोपीय रंगभूमीवर क्वचितच मिळाले असेल, आणि त्याचे मराठी भाषांतरकार आगरकर व्हावेत हा योग अर्थपूर्ण आहे.

आगरकरांनी आपल्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून आयुष्यच ठेवले. एम्. ए. होत असताना त्यांनी आईला लिहिलेले पत्र, मोठ्या पगाराची आशा धरू नये असे तिला सांगणारे, महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. प्रतिपक्षाने त्यांची हयातीत प्रेतयात्रा काढली. त्यांच्या लेखणीने त्याचा सूड म्हणून एकही वैयक्तिक विष ओकले नाही. तरी समीक्षकाने येथे थांबता कामा नये. चारित्र्याचा पुरावा हा एका माणसाचा पुरावा असतो. आगरकरांनी ‘नीती’ हा शब्द निवडला आणि ‘धर्म’ हा वाऱ्यावर सोडला, तेव्हा त्या शब्दाबरोबर शेजारधर्म, दानधर्म आणि धर्मकाटाही प्रतिपक्षाच्या हाती गेले. ‘नीती’ हा शब्द मराठीत शाळेच्या फळ्यावरचा राहिला. दुःखात माणूस ज्या शब्दाला मिठी मारतो तो झाला नाही. निबंधाचे गद्य बुद्धीला पटविते. मुलगा गेलेल्या आईशी कसे बोलावे हे त्याला ठाऊक नसते. हे न्यून आगरकरांच्या विचाराचे नव्हे, त्यांच्या वाङ्मयप्रकाराचे आहे. आणि ते भरून काढण्याचा यत्न कादंबरीनेच करावयाचा होता.

तो यत्न वामन मल्हार जोशी यांनी केला. वामनरावांची योग्यता या कामाला विशेष अनुरूप होती. कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातील ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ या लेखाच्या प्रकरणात त्यांनी संपादक या नात्याने कारावास भोगला होता. १९१९ साली त्यांनी ‘नीतिशास्त्रप्रवेश’ लिहून या विषयाला मराठीत शास्त्रीय बैठक दिली होती. पुढे हिंगण्याच्या संस्थेत स्त्रियांना शिकविताना हे प्रश्न जिवंत माणसांच्या संसारात कसे उमटतात हेही त्यांनी पाहिले होते. वेदाभिमान, नीतिशास्त्र आणि स्त्रीशिक्षण या तिन्हींचा अनुभव ‘सुशीलेचा देव’ (१९३०) या कादंबरीत एकत्र आला आहे. नायिकेच्या नावातच शील आहे, आणि पुस्तकाच्या नावात देव. बालपणीच्या भाबड्या श्रद्धेपासून निघून सुशीलेची देवकल्पना पायरीपायरीने बदलत जाते. प्रत्येक पायरीवर देवाचे रूप उणे होत जाते आणि मूल्यांवरील निष्ठा वाढत जाते. अखेरीस तिचा जो देव उरतो तो सत्य, सौजन्य आणि मानवी ध्येय यांहून फारसा निराळा नाही. आगरकरांनी जे निबंधात छाटून टाकले ते येथे एका स्त्रीच्या मनात हळूहळू रूपांतरित होते.

या रूपांतरावर दोन बाजूंनी आक्षेप घेता येतो आणि दोन्ही आक्षेप दखलपात्र आहेत. श्रद्धावान वाचक म्हणेल की, ज्याची प्रार्थना करता येत नाही तो देव कसला? बुद्धिवादी म्हणेल की, मूल्यांनाच देव म्हणावयाचे असेल तर देव हा शब्द ठेवण्यात केवळ भीडच आहे. दुसरा आक्षेप भाषांतराच्या परिभाषेत असा मांडता येईल: मूळ शब्द जपून अर्थ बदलणे हे वाचकाच्या नकळत केलेले भाषांतर होय. परंतु वामनरावांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुशीला शब्द बदलत नाही, कारण तिला ज्यांच्यात राहायचे आहे त्यांच्याशी तिचे बोलणे तुटू द्यावयाचे नाही. विचारवंताला एकाकीपण परवडते. घरातल्या बाईला ते परवडत नाही. ‘देव’ हा शब्द तिच्यासाठी शेजाऱ्यांशी असलेला पूल आहे. हा पूल प्रामाणिक आहे काय, हा प्रश्न कादंबरी उघडा ठेवते. वामनरावांच्या लेखनाला अनिश्चिततेचा दोष नेहमी दिला गेला, पण या एका ठिकाणी ती अनिश्चितता विषयाशी इमान राखणारी आहे.

याच दशकात मराठीला नीतीचे जे सर्वांत लोकप्रिय पुस्तक मिळाले ते मात्र संपूर्ण श्रद्धेच्या वातावरणातले आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. देव, पूजा, उपासतापास यांनी ते पुस्तक भरलेले आहे. म्हणून धर्माशिवाय नीती नाही या मताचे ते समर्थन समजले जाते. बारकाईने पाहिल्यास उलट दिसते. एका प्रसंगी आई श्यामला म्हाताऱ्या महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी द्यायला धाडते आणि नंतर स्नान करून यायला सांगते. शिवाशिव मानणारा आचार येथे नाकारलेला नाही, स्नानाने त्याची भरपाई झाली आहे. पण क्रम पाहावा. मोळी आधी, स्नान नंतर. आईच्या मनात निर्णय घेणारी जी शक्ती आहे ती आचारातून आलेली नाही, ती आचाराला बाजूला सारून पुढे आली आहे. बारा वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा हीच शक्ती स्नानाची तडजोड ओलांडून गेली होती. चोखोबाची समाधी महाद्वाराच्या पायरीशी शतकानुशतके होती; अभंग आत जात होते, चोखोबाची माणसे जात नव्हती. दार उघडले ते ग्रंथात नवे वचन सापडले म्हणून नव्हे. ते बंद असणे एका श्रद्धावान माणसाच्या विवेकाला सहन झाले नाही, म्हणून उघडले.

ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांच्या बाजूने हा प्रश्न पाहिला की त्याचे रूपच पालटते. धर्म नसेल तर नीती टिकेल काय, ही चिंता ज्याला धर्माने आश्रय दिला त्याची आहे. महाडच्या चवदार तळ्यावर मार्च १९२७ मध्ये पाण्याला हात लावणाऱ्यांपुढे, अशा धर्मात नीती टिकली कोठे, हा प्रश्न होता. ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात आंबेडकरांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. आज्ञा पाळणाऱ्याला जबाबदारी नसते, तत्त्व पाळणाऱ्याला ती टाळता येत नाही, हे त्या भेदाचे मर्म आहे. पुढे त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या इंग्रजी ग्रंथात ही विचारसरणी शेवटाला गेली. धम्मात ईश्वराला स्थान नाही आणि इतर धर्मांत जी जागा ईश्वराची ती येथे नीतीची, असे तेथे प्रतिपादन आहे. भाषेच्या दृष्टीने हा सर्वांत कुशल मार्ग होता. ‘धर्म’ टाकला तर आगरकरांप्रमाणे लोकांचा शब्द हातून जातो. ठेवला तर वामनरावांप्रमाणे अर्थाविषयी संशय राहतो. ‘धम्म’ हा शब्द कानाला ओळखीचा आणि इतिहासाने निराळा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी तो स्वीकारला, तेव्हा ईश्वरनिरपेक्ष नीती प्रथमच निबंधातून आणि कादंबरीतून बाहेर पडून विवाहाला, बारशाला आणि अंत्ययात्रेला उपयोगी पडणारी झाली. याचीही किंमत आहेच. समूहाने स्वीकारलेल्या नीतीला विधी येतात, विधींना अधिकारी येतात, आणि तत्त्वाचा पुन्हा नियम होण्याचा धोका तेथे नित्य जागा असतो. तो धोका आंबेडकरांनी स्वतःच दाखवून ठेवला होता.

शेजारच्या कन्नड वाङ्मयात हाच प्रश्न एका मृतदेहाभोवती मांडला गेला. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) या कादंबरीत आचारभ्रष्ट नारणप्पाच्या शवावर अंत्यसंस्कार कोणी करावे, याचे उत्तर प्राणेशाचार्य प्रथम ग्रंथांत शोधतात आणि मग मारुतीच्या देवळात कौल मागतात. ग्रंथ बोलत नाहीत, मारुतीही बोलत नाही. प्रेत मात्र कुजत राहते. निर्णय अखेर माणसालाच करावा लागतो, आणि तो केल्यावर तो पूर्वीचा माणूस राहत नाही. मराठी कादंबरीशी तुलना केली तर एक उणीव जाणवते. वामनरावांची माणसे या प्रश्नाची चर्चा करतात. अनंतमूर्तींच्या आचार्याच्या अंगावर तो प्रश्न कोसळतो. मराठीने या विषयावर उत्तम निबंध लिहिले, उत्तम संवाद लिहिले; परंतु देव न मानणारा, संकटात सापडलेला, आणि तरीही चांगला राहण्याची धडपड करणारा सामान्य माणूस मराठी कथेत अजून पुरेसा उतरलेला नाही. तो जेथे येतो तेथे बहुधा अखेरीस त्याचे मन तरी पालटते, किंवा तो वक्ता तरी होतो.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, आगरकरांसारख्यांची नीती ही धर्माच्या जुन्या पुंजीवरचे व्याज आहे. सश्रद्ध घरात वाढलेल्या पहिल्या पिढीला ते पुरते. पुढच्या पिढ्यांना मुद्दल उरत नाही. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. प्रामाणिकपणा, संयम, परोपकार हे शब्द आगरकरांनी नव्याने घडविलेले नव्हते. परंतु हा हिशेब एकाच बाजूने मांडलेला आहे. मंदिर उघडले, संमतिवय वाढले, शिवाशिव गेली, आणि या प्रत्येक गोष्टीनंतर काही काळाने श्रद्धावंतांनी तीच आपल्या धर्माची मूळ शिकवण असल्याचे सांगितले. तेव्हा कर्ज एकाच बाजूने घेतले गेले नाही. श्रद्धेने नीतीला भाषा आणि वत्सलता दिली असेल, तर नीतीने श्रद्धेला वेळोवेळी लाज आणि सुधारणा दिली आहे. जी गोष्ट दुसरीची चूक काढू शकते ती सर्वस्वी तिच्यावर अवलंबून असू शकत नाही, एवढे तरी या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.

अवलंबून नाही याचा अर्थ सोपे आहे असा मात्र नव्हे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादकपद १९९८ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्याकडे होते. आईच्या देवघरातून नीती शिकलेल्या लेखकाचे पत्र एका निरीश्वरवादी कार्यकर्त्याने पंधरा वर्षे चालविले, आणि वाचकांना त्यात कोठे सांधा दिसला नाही. अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत त्यांनी देव मानावा की न मानावा हा प्रश्न प्रत्येकाच्या विवेकावर सोडला आणि श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या शोषणावर बोट ठेवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केला. आगरकरांची प्रेतयात्रा प्रतीकाची होती. येथे प्रतीक उरले नाही. श्रद्धेवाचून माणूस आपल्या तत्त्वासाठी प्राण देऊ शकेल काय, असा प्रश्न पूर्वी विचारला जाई. यापुढे तो विचारण्याचे कारण राहिलेले नाही.

उरतो तो निराळा प्रश्न, आणि तो तत्त्वज्ञांपेक्षा लेखकांना अधिक लागू आहे. नीती श्रद्धेवाचून जगू शकते. पण ती शब्दावाचून, सहवासावाचून आणि परस्परांच्या तपासणीवाचून जगू शकत नाही. धर्मकाट्याला देव ठाऊक नसतो, परंतु त्याचीही वेळोवेळी पारख करून त्यावर शिक्का मारावा लागतो. नाहीतर न झुकणारा काटाही काळाने खोटे बोलू लागतो. फुले, आगरकर, वामनराव आणि आंबेडकर यांनी मराठीत केले ते हेच पारखण्याचे काम होय. प्रत्येकाने शब्दाची निराळी वाट धरली, आणि कोणाचेही भाषांतर पुरे पडले नाही, हे त्यांच्या अपयशाचे नव्हे तर विषयाच्या खोलीचे गमक आहे. खंडेनवमीला बाजारात एखादा व्यापारी आपल्या तराजूला हळदकुंकू वाहतो, फुले घालतो. शेजारचा एखादा वाहत नाही. दुसऱ्या दिवशी दोघांच्या दुकानी माल घ्यायला येणाऱ्याला त्या फुलांशी कर्तव्य नसते. त्याचे लक्ष पारड्याकडे असते.